मधमाशीला वास शिकवताना

मधमाशीला वास शिकवता येतो आणि ती शिकली की नाही, हे तिची सोंड सांगते. भुकेल्या माशीच्या शृंगिकेला, म्हणजे डोक्यावरच्या मिशीला, साखरपाण्याचा थेंब लावला की ती लगेच सोंड बाहेर काढते. हे तिला शिकवावं लागत नाही, ते उपजतच असतं. पण साखरेच्या आधी दोन-तीन सेकंद एखादा वास दिला आणि हे काही वेळा केलं, की पुढच्या खेपेला नुसत्या वासावर सोंड बाहेर येते. ताकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९६१ साली हे नोंदवलं. १९८३ साली बिटरमन, मेन्झेल आणि सहकाऱ्यांनी त्याची पद्धत इतकी नीट बसवली की आज जगभर मधमाशीची स्मृती याच पद्धतीने तपासतात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नाशिकला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हे सगळं स्वतःच्या हाताने केलं. ते कसं केलं आणि त्यातून मला काय कळलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

हा विषय मला माझ्या मामांनी दिला. निफाड तालुक्यात त्यांची शेती आहे. द्राक्षाची बाग आहेच, शिवाय दरवर्षी थोड्या रानात बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, असतात. डोंगळ्याला बी धरायचं तर माशी लागते. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, त्याच फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, नंतर तयार होते. म्हणून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर कुणीतरी न्यावा लागतो. मामांनी मधपाळाकडून पेट्या भाड्याने आणल्या होत्या आणि तरी ते वैतागले होते.

"अगं, पेटीतून माशी निघती अन् सरळ बांधापलीकडच्या धन्यावर जाती," ते म्हणाले. "डोंगळ्यावर बसायलाच तयार नाही. गुळाचं पाणी मारून झालं. आता तूच सांग, एवढं शिकतेस तर."

यातलं अर्धं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियमचं प्रमाण जास्त असतं आणि माश्यांना ते आवडत नाही. जवळ दुसरं काही फुललेलं असेल तर त्या तिकडे वळतात. उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. माशी एकदा एका फुलाशी जुळली की दिवसेंदिवस त्याच जातीच्या फुलावर जाते. धन्यावर चांगला मधुरस मिळाला, त्याचा वास मनात बसला, की दुसऱ्या दिवशी पेटीतून निघतानाच तिचं ठरलेलं असतं. म्हणजे मामांच्या शेतावर कांदा आणि धने यांच्यात जी चढाओढ चालली होती, ती माशीच्या आठवणीत चालली होती. ही आठवण डोक्यात बसते तरी कशी, हे मला बघायचं होतं.

माझे मार्गदर्शक सर एका बाबतीत फार पक्के होते. चेतापेशींमधला निरोप्या ग्लुटामेट, तो झेलणारे रिसेप्टर, जनुकं हे सगळं मी वाचून आले होते आणि त्याबद्दलच बोलत होते. सर म्हणाले, "आधी माशी शिकताना बघा. डोळ्यांनी बघा. मग रेणूंबद्दल बोलू." ते किती योग्य होतं हे मला पुढे कळलं.

त्यांनी एका मधपाळाकडून मेलिफेराची, म्हणजे युरोपीय मधमाशीची, एक पेटी आणून कॉलेजच्या मागच्या बागेत ठेवली. सातेरी ही आपली देशी मधमाशीही चालली असती, पण आतापर्यंतचं बहुतेक संशोधन मेलिफेरावर झालेलं आहे आणि मामांच्या शेतातल्या भाड्याच्या पेट्याही मेलिफेराच्याच होत्या. थंडीचे दिवस होते. नाशिकची थंडी माहीत आहे त्यांना सांगायला नको. ऊन चढेपर्यंत पेटीच्या दारात हालचालच नसायची. ऊन आलं की कामकरी माश्या बाहेर पडायच्या आणि परतणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे दिसायचे. मला बाहेर निघणाऱ्या माश्या हव्या असत, कारण परतणारीचं पोट भरलेलं असतं. दाराशी काचेची कुपी उलटी धरायची, माशी आत चढली की झाकण लावायचं. एका कुपीत एकच माशी.

मग त्या कुप्या बर्फात ठेवायच्या. माशी काही मिनिटांत सुस्तावते, पाय हलायचे थांबतात. त्याच क्षणी तिला बाहेर काढायचं, जास्त वेळ ठेवायचं नाही. थंडीचा आणि स्मृतीचा जवळचा संबंध आहे. एकदाच शिकवलेल्या माशीला शिकवल्यावर लगेच गार केलं तर ती शिकलेलं विसरते, हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं. म्हणून गार करायचं ते शिकवण्याच्या कितीतरी आधी, आणि नंतर तिला काही तास शांत राहू द्यायचं.

माशीला बसवण्यासाठी पितळी नळीचे छोटे तुकडे लागतात. ते मी भांडी बाजारातल्या एका कारागिराकडून कापून घेतले. मला नेमकं काय हवं आहे हे कळल्यावर त्यांनी प्रत्येक तुकड्याची कड कानशीने घासून गुळगुळीत केली, माशीच्या मानेला काचू नये म्हणून. सुस्तावलेली माशी नळीत पाठीकडून सरकवायची, डोकं वर राहील अशी, आणि मानेमागून चिकटपट्टीची बारीक पट्टी लावायची. शृंगिका आणि सोंड मोकळी राहिली पाहिजे, बाकी काही हलता कामा नये. पट्टी सैल राहिली तर माशी पाय बाहेर काढते आणि त्या पायांनी शृंगिका झाकून घेते. घट्ट झाली तर सोंड पुरती उघडत नाही. माशी शुद्धीवर येते तेव्हा आधी शृंगिका थरथरतात, मग जबडे उघडझाप करतात, मग पोट आत-बाहेर होऊ लागतं. भिंगातून डोळ्यांवरचे केससुद्धा दिसतात. मेलिफेराच्या संयुक्त डोळ्यांवर केस असतात हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, पण ते खरोखर दिसतात तेव्हा माणूस थोडा वेळ काम विसरतो.

प्रयोगशाळेत मॅडमनी आम्हाला नियम घालून दिले होते. गजरा नाही, अत्तर नाही, डोक्याला सुवासिक तेल नाही. डब्यात केळं आणायचं नाही, ही सक्त ताकीद. माशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा गंध सुटतो त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल अॅसिटेट आहे, आणि पिकलेल्या केळ्याचा वासही त्याचाच. तो वास खोलीत असेल तर माश्या बिथरतात आणि साखरेला नीट प्रतिसाद देत नाहीत.

शिकवण्याची रीत अशी. मी वास घेतला लिनालूलचा. धन्याच्या तेलात मुख्यत्वे लिनालूलच असतं, म्हणून मामांचा प्रश्न मनात ठेवून तोच निवडला. गाळणकागदाच्या तुकड्यावर त्याचे काही मायक्रोलीटर टाकायचे आणि तो कागद इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ठेवायचा. माशीच्या मागे हवा ओढून घेणारा पंखा लावायचा, म्हणजे वास साचून राहत नाही. माशीला जागेवर ठेवून थोडा वेळ नुसतं बसू द्यायचं. मग चार सेकंद वास. तिसऱ्या सेकंदाला टूथपिकच्या टोकावरचं साखरपाणी शृंगिकेला लावायचं, सोंड बाहेर आली की सोंडेला द्यायचं आणि तीन सेकंद पिऊ द्यायचं. म्हणजे वास आणि साखर जेमतेम एक-दोन सेकंद एकत्र असतात. मग ती माशी बाजूला आणि पुढची समोर. दहा मिनिटांनी पहिलीची पुन्हा पाळी.

पहिल्या खेपेला वासावर सहसा कोणी सोंड काढत नाही. काढली तर ती माशी प्रयोगातून बाद, कारण तिला तो वास आधीपासूनच ओळखीचा असू शकतो. दुसऱ्या खेपेला मी सिरिंज दाबली आणि समोरच्या माशीच्या शृंगिका वासाकडे वळल्या. टूथपिक माझ्या हातात, अजून तिच्यापासून लांब. आणि तिची सोंड उलगडली. आधी जबडे फाकले, मग तपकिरी सोंड पुढे आली, तिच्या टोकाची केसाळ जीभ हवेत चाटू लागली. मी साखर द्यायला हात पुढे केला तेव्हा माझा हात थरथरत होता. एकाच वेळच्या सोबतीने तिच्या डोक्यात एक नातं तयार झालं होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर बाहेर आलं होतं. जेमतेम एक घन मिलिमीटर मेंदू, त्यात दहा लाखांहून थोड्या कमी चेतापेशी. यापेक्षा मोठं काही मी प्रयोगशाळेत अजून पाहिलेलं नाही.

सरांनी मग मला उलट प्रयोग करायला लावला. माश्यांच्या एका गटाला साखर आधी आणि वास नंतर. वास तोच, साखर तीच, खेपाही तितक्याच. या माश्या शिकल्या नाहीत. एका गटाला वास आणि साखर दोन्ही दिलं, पण मध्ये काही मिनिटं जाऊ दिली. त्याही शिकल्या नाहीत. शिकण्यासाठी वास आणि साखर नुसती मिळून चालत नाही, त्यांची वेळ आणि क्रम जुळावा लागतो. इथे आल्यावर सर म्हणाले, "आता रेणूंबद्दल बोला."

वास शृंगिकेवरून आत येतो तो सुमारे १६० गोळ्यांसारख्या चेतापुंजांमधून, आणि पुढे मशरूम बॉडी नावाच्या भागात जातो. मेंदूच्या दोन्ही बाजूंना मशरूम बॉडी असते आणि प्रत्येकीत केनिऑन नावाच्या सुमारे १ लाख ७० हजार चेतापेशी. साखरेची वर्दी वेगळ्या वाटेने येते. मार्टिन हामर यांनी १९९३ साली मधमाशीत एक चेतापेशी दाखवली, तिचं नाव व्हीयूएम-एमएक्स-१. तिच्या फांद्या वासाच्या सगळ्या महत्त्वाच्या ठिकाणी पोचतात आणि ती ऑक्टोपामीन हे निरोप नेणारं रसायन सोडते. साखर न देता वासापाठोपाठ नुसती ही पेशी उत्तेजित केली, तरी माशी तो वास शिकते. एका पेशीत 'गोड मिळालं' हा निरोप मावतो, हे वाचून मी तो शोधनिबंध परत पहिल्यापासून वाचला होता.

मग हे दोन निरोप एकाच वेळी आले, याची दखल कोण घेतं? इथे ग्लुटामेट येतं. आपल्या मेंदूत ग्लुटामेट हा पेशी जागवणारा मुख्य निरोप्या आहे. कीटकांच्या मेंदूत ते मुख्य काम अॅसिटिलकोलीन करतं. ग्लुटामेट चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतं. म्हणून बरीच वर्षं कीटकांच्या स्मृतीत ग्लुटामेटला फारसं कोणी विचारत नव्हतं. पण त्याचे रिसेप्टर माशीच्या मेंदूतही आहेत आणि त्यातला एनएमडीए रिसेप्टर फार वेगळा आहे. त्याच्या मधल्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन बूच लावून बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी वाट मोकळी होत नाही. पेशी त्याच वेळी दुसऱ्या कारणाने उत्तेजित असेल तरच मॅग्नेशियम बाजूला सरकतं आणि कॅल्शियम आत येतं. बँकेच्या लॉकरला एक किल्ली आपली आणि एक बँकेची लागते, तसंच हे. कॅल्शियम आत आलं की पेशीत विकरांची साखळी सुरू होते आणि शेवटी दोन पेशींमधल्या त्या सांध्याची ताकद बदलते. 'हे दोन्ही एकत्र घडलं' याचा साक्षीदार म्हणून या रिसेप्टरकडे पाहतात ते यामुळे.

हे पुस्तकात वाचताना फक्त समजलं होतं. सिरिंज आणि टूथपिक हातात घेतल्यावर ते पटलं. माझ्या हाताची वेळ चुकली की एखादी माशी शिकायची राहू शकते. मोबाइलवर सेकंदाला टिकटिक करणारं अॅप लावून, त्या टिकटिकीवर हात चालवायची सवय मी केली होती. पेशीच्या आत त्या वेळेची राखण करणारा रेणू खरोखर आहे, हा विचार काम करताना सतत सोबत असायचा.

यापुढचा भाग मला सर्वांत जास्त आवडतो. एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक आहे एनआर-१, त्याच्याशिवाय हा रिसेप्टर बनतच नाही. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली आरएनए इंटरफिअरन्स या, जनुकाचा निरोप मध्येच अडवणाऱ्या तंत्राने माशीच्या मशरूम बॉडीच्या भागात एनआर-१ चं उत्पादन तात्पुरतं कमी केलं, तेही शिकण्याच्या आसपासच्या वेळेपुरतं. माश्यांच्या मधल्या पल्ल्याच्या आणि एक-दोन दिवसांच्या सुरुवातीच्या दीर्घ स्मृतीला धक्का बसला. पण त्याहून उशिराची, तीन-चार दिवसांनंतरची दीर्घ स्मृती शाबूत राहिली. म्हणजे माशी उद्या विसरलेली दिसते आणि तीन-चार दिवसांनी तिला आठवतं. आपण आठवण म्हणतो ती एकामागून एक पिकत जाणारी एकच वस्तू असती तर असं झालंच नसतं. तिचे टप्पे वेगवेगळ्या वाटांनी बनतात आणि प्रत्येक वाटेवर हा रिसेप्टर लागतोच असं नाही. त्याआधी २००५ साली जर्मनीतल्याच दुसऱ्या एका गटाने उलट बाजूने पाहिलं होतं. माशीला अगदी थोडंसं शिकवलं, आणि लगेच तिच्या मशरूम बॉडीत रासायनिक कुलपात बंदिस्त केलेलं ग्लुटामेट अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने मोकळं केलं. जी आठवण एरवी कच्ची राहिली असती ती पक्की झाली.

आमच्या प्रयोगशाळेत जनुकांना हात लावायची सोय नव्हती. पण स्मृतीचे टप्पे वेगळे करायला जनुकं लागतातच असं नाही, घड्याळ पुरतं. मी माश्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना तीन-तीन खेपा. एका गटाला खेपांमध्ये दहा मिनिटं, दुसऱ्याला जेमतेम एक मिनिट. दोन तासांनी विचारलं तर दोन्ही गटांतल्या माश्या वासावर सोंड काढत होत्या, फरक फारसा नव्हता. खरी परीक्षा पुढच्या दिवशी.

नळीतल्या माशीला रात्रभर आणि पुढचे दिवस जिवंत ठेवणं, हेच या कामातलं सगळ्यात अवघड. नाशिकच्या थंडीत हवा कोरडी असते आणि नळीतली माशी सुकते. थर्माकोलच्या खोक्यात ओला कापूस ठेवायचा, झाकण लावून अंधार करायचा, संध्याकाळी प्रत्येकीला पोटभर साखरपाणी पाजायचं. प्रत्येकीला सारखंच, कारण एखादी जास्त प्यायली तर उद्या तिला भूक नसेल आणि ती विसरली की तिला नकोच होतं, हे कळणार नाही. म्हणून चाचणीनंतर प्रत्येक माशीच्या शृंगिकेला साखर लावून बघायची. साखरेलाही सोंड न काढणाऱ्या माशीबद्दल बोलायचं नाही. कॉलेजच्या शिपाईकाकांनी रात्री खोक्याजवळचा हीटर बघायचं आपणहून अंगावर घेतलं. सकाळी मी आले की ते आधीच सांगायचे, "ताई, कोपऱ्यातली एक गेली, बाकी सगळ्या ठीक आहेत."

दुसऱ्या दिवशी फरक उघड दिसला. दहा-दहा मिनिटांनी शिकलेल्या माश्यांना लिनालूल आठवत होतं; घाईने शिकलेल्यांपैकी पुष्कळ जणी गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी तर हे आणखी ठळक झालं. एका खेपेने बसलेली आठवण ओसरते, अंतर ठेवून दिलेल्या खेपांनी बसलेली टिकते आणि टिकण्यासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात, हे मेन्झेल यांच्या प्रयोगशाळेने बरंच आधी दाखवलेलं आहे. मी काही नवं शोधलं नाही. पण नाशिकच्या बागेतली माशी, भांडी बाजारातली नळी आणि वाण्याकडची साखर वापरून तेच उत्तर आलं, याचा आनंद मला फार मोठा वाटतो. निसर्गाने उत्तर बदललं नाही.

हे सगळं चालू असताना दर रविवारी मी निफाडला जायचे. एका रविवारी मामा बांधावर उभे होते आणि शेजारचे शेतकरी भर दुपारी फवारणी करत होते. डोंगळ्यांवर फुलकिडे आले होते. औषध फिप्रोनिल. मामांनी पेट्यांजवळ वाकून बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "नाही, माशी मेलेली दिसत नाही."

इथे मला थांबून बोलावं लागलं. माशीच्या मेंदूत ग्लुटामेटचे आणखी एक प्रकारचे रिसेप्टर असतात, ते क्लोराइडची वाट उघडतात आणि पेशीला जागवण्याऐवजी शांत करतात. आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ते नसतातच. म्हणूनच कीटकांविरुद्धची आणि जंतांविरुद्धची काही औषधं नेमकी तिथे घाव घालतात. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध आणि पिकांवरच्या कोळी किडीसाठी वापरलं जाणारं अबामेक्टिन, दोन्ही या वाटा जबरदस्तीने उघड्या ठेवतात. फिप्रोनिल उलट करतं, ते या वाटा बंद पाडतं, त्याशिवाय गाबा नावाच्या दुसऱ्या शांत करणाऱ्या निरोप्याच्या वाटाही. जास्त मात्रेत माशी मरते. मारक नसलेल्या मात्रेत ती जगते, उडते, पेटीत परतते, पण वास शिकणं आणि लक्षात ठेवणं बिघडतं, हे याच सोंडेच्या चाचणीने दाखवलेलं आहे. युरोपीय संघाने २०१३ साली मका आणि सूर्यफुलाच्या बीजप्रक्रियेत फिप्रोनिल वापरण्यावर निर्बंध आणले ते मधमाश्यांच्या काळजीनेच.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे जिवंत असून कामातून गेली."

मेलेली माशी पेटीच्या दारात पडलेली दिसते, मोजता येते, तिचा पंचनामा करता येतो. आठवण गेलेली माशी बाकीच्यांसारखीच दिसते. कुठल्या फुलात मधुरस होता हे तिला उद्या सांगता येणार नाही, एवढाच फरक. आणि औषधांची मधमाशीवरची प्राथमिक चाचणी काय असते? ठरावीक मात्रा द्यायची आणि ४८ तासांत किती माश्या मरतात ते मोजायचं. जगलेल्या माशीला काय आठवतं, हे त्यात विचारलंच जात नाही. या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं आणि रागही येतो. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा, डाळिंब, टोमॅटो हे सगळं औषधांच्या भरवशावर उभं आहे हे मला कळतं, मी त्याच घरातली आहे. कीड आली की शेतकऱ्याला फवारावंच लागतं. पण कधी फवारायचं हे तरी हातात आहे. माश्या दिवसा फुलांवर असतात आणि अंधार पडायच्या आत पेटीत जातात. संध्याकाळी उशिरा फवारलं तर निदान अंगावर थेट औषध पडत नाही.

मामांनी दोन गोष्टी बदलल्या. शेजाऱ्यांशी बोलून फवारणी संध्याकाळवर नेली. आणि मधपाळाला सांगितलं की पेट्या आता लवकर आणू नका, साधारण दहा टक्के डोंगळे फुलले की मगच आणा. पेट्या आधी आल्या तर माश्या आजूबाजूच्या फुलांशी जुळतात आणि मग कांदा फुलला तरी त्याच वाटेवर राहतात. आल्या आल्या समोर फुललेला कांदा असेल तर तो निदान पहिला धडा ठरतो. ही शिफारस मधपाळांना पूर्वीपासून माहीत आहे. त्यामागे ही स्मृती आहे, हे मामांना आता कळलं, म्हणून या वेळी ती त्यांनी पाळली. डोंगळ्यांवर माशी वाढल्याचं ते सांगतात. मी ते मोजलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही.

मामांचा पुढचा प्रश्न होता, "मग माशीला कांद्याचाच वास शिकवून पाठवता येईल का?" हा प्रश्न वेडगळ नाही. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०२० साली सूर्यफुलाच्या वासाशी जुळणारं मिश्रण साखरपाण्यात घालून पेटीतच माश्यांना दिलं. माश्या सूर्यफुलावर जास्त गेल्या आणि बियांचं उत्पादन २९ ते ५७ टक्क्यांनी वाढलं. कांद्याचं गणित कठीण आहे, कारण त्याचा मधुरसच माशीला नको असतो. वासाची ओळख करून दिली तरी फुलावर गेल्यावर तिची निराशा होणार, आणि माशी निराशाही शिकते. तरी करून बघण्यासारखं आहे.

सध्या माझ्यासमोर त्याआधीचं काम आहे. प्रकल्प संपला, पदवी मिळाली, पण सरांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. येत्या हंगामात एक पेटी द्राक्षबागांच्या मध्ये आणि एक बागांपासून लांब ठेवून, दोन्हींतल्या माश्यांना सारख्याच रीतीने लिनालूल शिकवायचं आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी व तिसऱ्या दिवशी विचारायचं. कोणत्या टप्प्यावर फरक पडतो यावरून निदान एवढं कळेल की बिघाड शिकण्यात आहे, सुरुवातीच्या आठवणीत आहे की टिकण्यात आहे. पेट्या द्यायला मधपाळ तयार झाले आहेत. निर्यातीची द्राक्षं काढणारे बागायतदार कोणत्या दिवशी काय फवारलं याची वही ठेवतातच. दिंडोरी किंवा निफाडकडच्या कोणी ती वही मला बघू दिली, तर औषधाची तारीख आणि माशीची परीक्षा शेजारी शेजारी मांडता येतील. मामांची वही मी आधीच आणली आहे.